लॉनवर दरवर्षी त्याच जागी चट्टा पडतो? नवे तुकडे बसवण्याआधी हे तपासा

ऑक्टोबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, लॉन पुन्हा गेलं." यातल्या 'पुन्हा' या शब्दाकडे माझे कान आधी जातात. गेली बारा वर्षं मी पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागा सांभाळते. चट्टे पडलेली जी लॉनं दाखवायला मला बोलावतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आदल्याच वर्षी त्याच जागी सोलापूर रोडच्या नर्सरीतून गवताचे नवे तुकडे आणून बसवलेले असतात. ते तीन महिने छान दिसतात आणि मग जुन्याच्या वाटेने जातात. खालचं दुखणं तसंच ठेवून वरचं गवत बदललं, तर दुसरं काय होणार?

म्हणून क्रम असा ठेवा: फुकटातल्या तपासण्या आधी, खोदकाम नंतर, खर्च सगळ्यात शेवटी. औषध तर त्याच्याही नंतर. खाली सांगितलेलं सगळं सेंद्रिय पद्धतीचं आहे. ते तत्त्व म्हणून आहेच, पण लॉनवर मुलं लोळतात आणि कुत्री गवत चावतात, हे त्यामागचं साधं कारण.

लक्षणं

चट्टा गॅलरीतून बघू नका. खाली येऊन उकिडवं बसा आणि यातलं काय दिसतंय ते पाहा.

- मध्ये करपलेलं गोल आणि त्याभोवती बाकीच्या लॉनपेक्षाही हिरवंगार कडं.
- रुपयाच्या नाण्याएवढे ते बशीएवढे फिकट ठिपके. पहाटे दव असताना त्यावर कोळिष्टकासारखे पांढरे धागे.
- सरळ कडांचा चौकोन किंवा पट्टा.
- वेडावाकडा चट्टा, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पसरत जाणारा. पाणी देऊनही कोमेजलेला आणि पायाखाली स्पंजासारखा दबणारा.
- रोज सकाळी साळुंक्या ठराविक जागीच चोची खुपसताना दिसतात, रात्री घुशी उकरून ठेवतात.
- पात्यांची फक्त टोकं करपलेली आणि मातीवर पांढरट पापुद्रा.
- झाडाखाली किंवा उत्तरेच्या भिंतीलगत गवत विरळ, मधून शेवाळ.

दोन लक्षणं एकदम दिसली तरी गोंधळू नका. एका लॉनला दोन दुखणी असू शकतात, बहुतेकदा असतातच.

१. आधी तारीख बघा

डिसेंबर-जानेवारीत फोन आला तर मी पहिल्यांदा विचारते, चट्टे आहेत की सगळंच लॉन पिवळं पडलंय? सिलेक्शन वन आणि बर्म्युडा या आपल्या हरळीच्याच जाती. हरळी म्हणजे दूर्वा, आणि दूर्वा थंडीत झोपते. पुण्यात रात्री १०-१२ अंशांवर पारा आला की ती फिकी पडते आणि फेब्रुवारी सरता सरता पुन्हा फुटते. जमिनीलगतचं एक पेर नखाने खरवडा. आत हिरवट-पांढरं आणि ओलसर दिसलं तर गवत जिवंत आहे. इथेच थांबा, पैसे वाचले. एका सोसायटीने याच झोपेत खतावर खत टाकून घेतलं होतं. ते खत गवताला काही लागलं नाही, लव्हाळा या तणाला मात्र लागलं.

२. कडा बघा

कडा सरळ असतील तर माणूस शोधा. गणपतीचा मांडव दहा दिवस उभा होता का? वाढदिवसाला अंथरलेली ताडपत्री, मुलांचा फुगवायचा टब, रंगाऱ्याने टेकवून ठेवलेल्या फळ्या, यातलं काही तिथे होतं का? उजेड न मिळाल्याने पिवळं पडलेलं गवत मुळं शाबूत असतील तर महिन्याभरात सावरतं. त्याला फक्त पाणी द्या आणि पंधरा दिवस वर गवत कापायचं मशीन फिरवू नका.

करपलेला गोल जर माळी पेट्रोल भरायला मशीन उभं करतो नेमका तिथे असेल, तर उत्तर मिळालंच. वरची चार बोटं माती काढून टाका, नवी भरा, आणि पेट्रोल पुढच्या वेळी फरशीवर भरायला सांगा.

हिरव्या कड्याचा गोल म्हणजे कुत्र्याची लघवी. तिच्यात नत्र इतकं असतं की मधलं गवत जळतं आणि कडेला पातळ होऊन पोहोचतं तिथे तेच खत ठरतं. कुत्रा उठला की लगेच झारीभर पाणी ओतणं हा एवढाच इलाज. यावरून कमिटीत भांडणं होतात, त्यात मी पडत नाही.

३. मूठभर गवत ओढा

चट्ट्याच्या कडेला, अर्धं पिवळं आणि अर्धं हिरवं असतं तिथलं गवत मुठीत धरून वर ओढा. मधलं मेलेलं गवत काही सांगत नाही, जे सांगायचं ते कड सांगते.

गवत घट्ट असेल आणि हातात नुसती पाती आली, तर मुळं ठीक आहेत. कारण वर आहे: पाणी, बुरशी, मशीन. पण सगळं गवत सतरंजीसारखं उचलून हातात आलं, खाली मुळं नाहीतच, तर थेट सातव्या तपासणीकडे जा. ही दहा सेकंदांची परीक्षा मधल्या तीन पायऱ्या वाचवते. म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोनवरच सांगते, "काका, आधी ओढून बघा, मग मला बोलवा."

४. स्टीलच्या वाट्या

स्प्रिंकलर असलेल्या लॉनवर सपाट बुडाच्या एकसारख्या दहा वाट्या पसरून ठेवा, काही चट्ट्यात, काही हिरव्या भागात. पंधरा मिनिटं पाणी चालवा आणि पट्टीने मोजा. एका वाटीत १० मिलिमीटर आणि दुसरीत ३, असं मी कितीदा तरी पाहिलंय. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. कडक उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर लागतं, म्हणजे हजार चौरस फुटांच्या लॉनला रोजचे साडेचारशे-पाचशे लिटर. हा आकडा एकदा मोठ्याने म्हणून बघा. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत तो म्हटल्यावर मीटिंगमध्ये शांतता पसरते.

नोझल काढून टाचणीने साफ करा, वाकलेलं डोकं सरळ करा. पाइपने पाणी घालत असाल तर रोजचा शिडकावा बंद करा आणि एक-दोन दिवसांआड भरपूर द्या. वरच्यावर ओल मिळाली की मुळं वरच राहतात, आणि मे महिन्यात माळी दोन दिवस गावाला गेला की लॉन बसतं. पाणी सकाळी द्यावं, संध्याकाळी नाही. का, ते सहाव्या तपासणीत येईल.

५. स्क्रूड्रायव्हर

पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबा. हिरव्या भागात तो मुठीपर्यंत जातो आणि चट्ट्यात दोन इंचांवर अडतो, तर माती दाबली गेली आहे किंवा खाली काहीतरी आहे. हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेकदा बिल्डरचा राडारोडा. विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे पसरून त्यावर चार इंच लाल माती घालून लॉन केलेलं असतं. पावसाळ्यात कोणाला पत्ता लागत नाही. उन्हाळ्यात तेवढाच भाग तापतो आणि तेवढाच करपतो, दरवर्षी तिथेच. टक्-टक् असा कडक आवाज आला तर खुरप्याने उकरून डबर काढा आणि फूटभर चांगली माती भरा. हे काम एकदाच करावं लागतं.

नुसतीच दाबलेली माती असेल तर बागेचा काटा घ्या, नसेल तर पहार. दर वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोकं पाडा आणि त्यांत गांडूळखत व जाड वाळू मिसळून झाडूने लोटा. काळ्या मातीवर हे फेब्रुवारीत किंवा जूनच्या सुरुवातीला करा, भर पावसात नको. ओल्या चिकणमातीत पाय दिला की ती आणखी दाबली जाते.

आणि लोक शॉर्टकट मारून जिथून जातात, तिथलं गवत कधीच टिकत नाही. तिथे तारा लावू नका, शहाबादी फरशीचे तुकडे टाका. लोकांनी रस्ता ठरवलेला असतो.

६. पहाटेची फेरी, आणि साबणाचं पाणी

दव असताना एकदा लॉनवर फिरा. पांढरे धागे दिसले तर बुरशी. पावसाळ्यात आणि लगेच नंतर, जेव्हा रात्रभर पाती ओली राहतात, तेव्हा ती पसरते. संध्याकाळी पाणी देऊ नका म्हटलं ते यासाठी. कापलेलं गवत काही दिवस तिथे सोडू नका, नेहमी सोडत असाल तरी. मशीनचं पातं धार लावून घ्या, कारण बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि फाटलेल्या टोकातून बुरशी शिरते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून पातळ थर देते मी. आंबट ताकही फवारून पाहिलंय. त्याने फार फरक पडला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, वास मात्र आठवडाभर होता.

लॉन बोटभर जाड, गादीसारखं झालं असेल, तर पाती बाजूला करून मेलेल्या देठांचा थर मोजा. अर्ध्या इंचापेक्षा जाड थर पाणी आणि हवा दोन्ही अडवतो. कार्पेट लॉनला हे जास्त होतं. लोखंडी दाताळ्याने तो ओढून काढा. दोन आठवडे लॉन भिकारड्यासारखं दिसेल, घाबरू नका.

पाती कुरतडलेली दिसत असतील आणि अळी सापडत नसेल, तर पाच लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा पातळ साबण घालून चौरस मीटरभर जागेवर ओता. पात्यांच्या बुडाशी लपलेल्या लष्करी अळ्या पाच-दहा मिनिटांत वर येतात. वेचा, निंबोळी अर्क फवारा, विषय संपला. फक्त या पाण्याने हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी, वर येत नाही. काहीच वर आलं नाही म्हणून 'कीड नाही' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात.

७. एक चौरस फूट खणा: हुमणी

सतरंजीसारखं उचलून आलेल्या लॉनखाली नव्वद टक्के वेळा मला हीच सापडते. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नाही. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, दुधी पांढऱ्या अंगाची आणि तांबूस डोक्याची जाड अळी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यावी लागत नाही. शहरात मात्र लोक तिला 'गांडूळ आहे, राहू दे' म्हणतात.

चट्ट्याच्या कडेला फूट बाय फूट चौकोन कापून वर उचला आणि खालची चार-पाच इंच माती गोणपाटावर पसरा. एक-दोन अळ्या असल्या तर लॉन सहन करतं. पाच-सहाच्या पुढे गेल्या तर इलाज हवा. तीन-चार ठिकाणी मोजा, एका खड्ड्यावरून ठरवू नका.

आता तिचं वेळापत्रक, कारण सगळी गंमत त्यातच आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडता पडता तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच मीलन होतं. मग मादी जमिनीत अंडी घालते. जून-जुलैत अळ्या बारीक असतात आणि नुकसान दिसत नाही. ऑगस्टपासून त्या मोठ्या होतात आणि अधाशासारखी मुळं खातात. तोवर पाऊस चालू असतो, म्हणून मुळं नसलेलं गवतही हिरवं राहतं. पाऊस थांबतो, ऊन पडतं आणि चार दिवसांत लॉन 'अचानक' जातं. त्यानंतर अळ्या खोल जातात, कोष करतात, आणि भुंगेरे जमिनीतच पुढच्या पावसाची वाट बघत बसतात.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये जे दिसतं ते जूनमध्ये झालेलं असतं. ऑक्टोबरमध्ये औषध टाकणं हे चोर निघून गेल्यावर कुलूप लावण्यासारखं.

कोथरूडच्या एका सोसायटीत तीन वर्षं ओळीने एकाच कोपऱ्यात तुकडे बदलले होते. कोपऱ्यावर मोठा कडुनिंब, आणि त्याच्याच खाली रात्रभर जळणारा पिवळा हॅलोजन. भुंगेरे झाडाला येत आणि दिव्यालाही. शिवाय दर मे महिन्यात लॉनवर कच्चं शेण पसरलं जायचं, ज्यातून अळ्या आयत्या येतात. चौथ्या वर्षी आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिल्या पावसानंतरचे पंधरा-वीस दिवस हॅलोजन बंद ठेवला. रोज साडेसातला खाली जुनी चादर अंथरून काठीने फांद्या हलवल्या आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकले. सोसायटीतल्या पोरांना हे काम इतकं आवडलं की शेवटी पाळ्या लावाव्या लागल्या. आणि जूनअखेर, माती ओली असताना, मेटारायझियम नावाची उपयोगी बुरशी पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून, सोबत निंबोळी पेंड, असं लॉनवर पसरून पाणी दिलं. त्या ऑक्टोबरला तो कोपरा साफ राहिला असं नाही, ताटाएवढे दोन चट्टे पडलेच. पण तुकडे आणावे लागले नाहीत, हरळीने ते स्वतःच भरले.

मेटारायझियम कृषी विद्यापीठांत, कृषी विज्ञान केंद्रांत आणि चांगल्या कृषी सेवा केंद्रांत मिळतं. तारीख बघून घ्या, ते जिवंत असतं. कारच्या डिकीत उन्हात ठेवलंत तर नुसती पावडर राहते. त्याच महिन्यात लॉनवर रासायनिक बुरशीनाशक मारू नका, नाहीतर एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घ्याल. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मोठ्या अळ्यांवर तो कमी असतो.

एक इशारा. माळ्याने कुठून तरी फोरेटचे दाणे आणले तर टाकू देऊ नका. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ते पक्ष्यांना आणि माणसांनाही अत्यंत विषारी आहे, आणि अळ्या खायला लॉनवर साळुंक्याच तर येतात.

८. पाणी आणि माती तपासून घ्या

वरचं काहीच लागू होत नाही, टोकं करपतात आणि मातीवर पांढरा पापुद्रा येतो, तर संशय बोअरच्या पाण्यावर किंवा एसटीपीच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर. स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी आणि चार-पाच ठिकाणची मिळून अर्धा किलो माती कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा शासनाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अंदाजाने जिप्सम ओतू नका. मातीत सोडियम जास्त असेल तरच त्याचा उपयोग, आणि ते अहवालच सांगतो. तोवर पावसाळ्यात लॉन नीट निथळतंय ना ते पाहा, कारण साठलेले क्षार खाली धुऊन न्यायला पावसासारखं दुसरं काही नाही.

इथे थांबा आणि जाणकार बोलवा

- लॉन पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असेल, तर पहार आणि टिकाव लावूच नका. खाली फूट-दीड फूट माती, मग निचऱ्याचा थर आणि वॉटरप्रूफिंग. एक घाव आणि पुढचा पावसाळा कोणाच्या तरी गाडीवर ठिबकणार. पाणी साचून चट्टे पडत असतील आणि खाली छताला ओल दिसत असेल, तर हे माळ्याचं काम नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याचं आहे.
- पाऊस नसताना एक पट्टा कायम ओला आणि जास्तच हिरवा दिसतो: खाली पाइप गळतोय किंवा ड्रेनेज. प्लंबर. वास येत असेल तर आजच.
- दिव्यांची केबल कुठून गेलीय ते माहीत नसेल तर खणण्याआधी इलेक्ट्रिशियन.
- मोठं झाड एका बाजूने झुकलंय आणि त्याच बाजूचं लॉन फुगलंय किंवा चिरलंय: झाडाचा जाणकार, आणि फांदी तोडायची तर महापालिकेची परवानगी.
- दोन वर्षं जूनमध्ये सगळं करूनही फुटाला दहा-दहा अळ्या: नमुने बाटलीत भरून कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवा. हुमणीच्या जाती वेगवेगळ्या असतात आणि त्यांच्या वेळाही.

आणि जिथे गवत येणारच नाही तिथे

लॉनला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आंब्याखाली, दोन इमारतींच्या फटीत ते मिळत नाही, आणि कुठलंही खत त्याची भरपाई करत नाही. तिसऱ्यांदा तिथे गवत लावायला सांगितलं तर मी आता सरळ नाही म्हणते.

सावलीत मोंडो ग्रास लावा. दिसायला गवतासारखं, पण कापावं लागत नाही. वाढ संथ असते, म्हणून रोपं जवळजवळ लावा आणि धीर धरा. सिंगोनियम किंवा स्पायडर प्लांटही चालतं. मोठ्या झाडाखाली तर नुसता पाचोळा पसरून ठेवला तरी झाड जास्त सुखी असतं, पण तो 'कचरा' वाटणारे लोक असतातच.

एसीचं पाणी ठिबकून कायम ओल राहते तिथे मंडूकपर्णी. बाजारात तिलाच ब्राह्मी म्हणून देतात, त्यावर वाद घालू नका, पानं गोल आणि मुत्रपिंडाच्या आकाराची आहेत ना एवढं बघा.

उन्हात, कमी पाण्यात माझी पहिली पसंती जलपिंपळीला. तळ्याकाठी, ओढ्याकाठी आपोआप उगवणारी ही वेल जमिनीला चिकटून पसरते आणि थोडं चालणं सहन करते. तिच्या बारक्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे जिथे मुलं अनवाणी खेळतात तिथे नको. पिंटो भुईमूगही चांगला. पिवळी फुलं येतात, भुईमुगाच्या कुळातला असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवतो, अर्ध्या सावलीतही जमतो. क्रिकेट मात्र यांतल्या कशावरच खेळता येणार नाही.

वेडेलिया लावू नका. नर्सरीवाला स्वस्तात देईल, महिन्यात जमीन झाकेल, आणि मग शेजारच्या टेकडीवरही जाईल. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे.

प्लॅस्टिकच्या गवताबद्दल विचारणार असाल तर एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्यावर अनवाणी एक फेरी मारून या, मग बोलू.

लव्हाळ्याबद्दलही विचारलं जातं. उपटला की खालच्या गाठींची माळ तुटते आणि प्रत्येक गाठ नवं रोप देते. ओल्या मातीत खुरप्याने गाठीसकट काढा, दर आठवड्याला, निदान एक पावसाळाभर. माझ्या स्वतःच्या अंगणात हे सातवं वर्ष आहे.